मेसेज नाही, मग लाल ठिपका कशाचा?



फोनवर लाल ठिपका दिसतो, त्यात ‘१’ लिहिलेलं असतं. आपण उघडून बघतो, तर आत नवीन काहीच नाही. बाहेर येतो, ठिपका तिथेच. आजोबा चष्मा लावून पुन्हा एकदा शोधतात, नात म्हणते, “आबा, ॲप बंद करून परत उघडा,” आणि बऱ्याचदा तेवढ्याने तो जातोही. हा भुताटकीचा प्रकार होतो कसा, आणि ॲप बनवणाऱ्यांनी त्यावर काय उपाय शोधला, हा आजचा विषय. घरात कुणी ॲप किंवा वेबसाइट बनवायला शिकत असेल, तर त्याला हा लेख जरूर वाचायला द्या. शिकणाऱ्यांची गाडी अगदी सुरुवातीला अडते ती बहुधा याच ठिकाणी.

या ठिपक्याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट फेसबुकची आहे, आणि ती त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. एप्रिल २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांची एफ-एट नावाची परिषद झाली. तिथे जिंग चेन या त्यांच्या इंजिनिअरने भर सभेत ही अडचण मांडली. फेसबुकच्या वेबसाइटवर मेसेज तीन ठिकाणी दिसायचे. वरच्या पट्टीतल्या चिन्हावर न वाचलेल्या मेसेजचा आकडा, खाली कोपऱ्यात गप्पांची छोटी खिडकी, आणि मधोमध मेसेजचं पूर्ण पान. खालच्या खिडकीत मेसेज वाचला, तर वरचा आकडा कमी व्हायला हवा. मधल्या पानावर वाचला, तरीही. पण कधी तो कमी व्हायचा, कधी नाही. इंजिनिअर दुरुस्ती करायचे, काही दिवस बरे जायचे, मग कुणीतरी नवीन सोय जोडायचं आणि भूत परत यायचं. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा भूत.

त्यांच्याकडे हुशार माणसं कमी नव्हती. अडचण मांडणीत होती. एकाच गोष्टीची माहिती तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण दुसऱ्याला ‘तू पण बदल रे’ असं सांगणार. तिघांचे निरोप एकमेकांकडे जाताना एखादा चुकला की आकडे जुळत नाहीत.

(आपल्या फोनवरचा प्रत्येक खोटा ठिपका याच जातीचा असतो असं नाही. कधी मेसेज लॅपटॉपवर वाचलेला असतो आणि फोनला ते अजून कळलेलं नसतं. तो नेटवर्कचा आणि सर्व्हरचा मामला. आज आपण एकाच स्क्रीनच्या आत काय घडतं, तेवढंच पाहू.)

आता स्क्रीन म्हणजे काय ते बघू. आपल्याला दिसतं ते एक सलग चित्र, पण बनवणाऱ्याच्या दृष्टीने ते लहान-मोठ्या तुकड्यांचं असतं. तुकड्याला कंपोनंट म्हणतात. पूर्ण पान हा एक कंपोनंट, त्यात वस्तूंची यादी हा दुसरा, यादीतलं एकेक कार्ड तिसरा, कार्डावरचं बटण चौथा. ज्याच्या पोटात दुसरा तुकडा असतो तो पालक, आतला तो मूल. हे शब्द मी घरगुती चव यावी म्हणून घातलेले नाहीत, जगभरचे प्रोग्रॅमर ‘पेरेंट’ आणि ‘चाइल्ड’ असंच म्हणतात. वंशावळीसारखंच हे झाड असतं, फक्त इथे प्रत्येक मुलाला पालक एकच.

पूर्वी स्क्रीन बदलायची तर कॉम्प्युटरला एकेक हुकूम द्यावा लागे. ‘वरच्या कोपऱ्यातला आकडा शोध. तो पुसून ३ लिही. आता खालची पट्टी शोध. तिथेही ३ लिही.’ अँड्रॉइडवर वर्षानुवर्षं असंच काम चाललं. एक हुकूम विसरला की एक जागा जुनीच राहणार.

नवी पद्धत वेगळी आहे, आणि ती समजायला एक्सेल पुरेसं आहे. दुकानाचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवणाऱ्याला विचारा. बेरजेच्या खान्यात तो आकडा लिहीत नाही, सूत्र लिहितो. वरची एखादी रक्कम बदलली की बेरीज आपोआप बदलते. कुणी बेरजेला जाऊन सांगावं लागत नाही. स्क्रीनचंही तसंच करायचं. ‘माहिती अशी असेल तर स्क्रीन अशी दिसेल’ एवढं सूत्र लिहून ठेवायचं, आणि माहिती बदलली की स्क्रीन नव्याने आखायचं काम यंत्रणेवर सोपवायचं. याला डिक्लेरेटिव्ह पद्धत म्हणतात. फेसबुकचं रिॲक्ट २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. पुढे गूगलचं फ्लटर आलं, ॲपलने २०१९ मध्ये स्विफ्टयूआय जाहीर केलं, आणि अँड्रॉइडसाठी जेटपॅक कंपोझची पहिली पक्की आवृत्ती २०२१ च्या जुलैत आली. नावं चार, पण मूळ विचार एकच.

सूत्राची सोय झाली तरी एक प्रश्न उरतोच. मूळ माहिती ठेवायची कुणाकडे?

किराणा मागवायचं एखादं ॲप डोळ्यांसमोर आणा. एका पानावर तूरडाळीचं कार्ड, तांदळाचं कार्ड, आणि सगळ्यात खाली ‘एकूण रक्कम’ दाखवणारी पट्टी. प्रत्येक कार्डावर वजा आणि अधिकची बटणं, मध्ये आकडा. नवशिक्याला वाटतं, डाळीची संख्या ही डाळीच्या कार्डाची खाजगी बाब, ती त्याच कार्डात ठेवावी. कार्डापुरतं बघितलं तर ते छान चालतंही. अधिक दाबलं, १ चे २ झाले, २ चे ३ झाले.

मग खालच्या पट्टीची पाळी येते आणि गाडी अडते. पट्टीला डाळीची संख्या हवी आहे, पण ती कार्डाच्या पोटात आहे. कार्ड आणि पट्टी ही भावंडं, आणि या घराची रीत अशी की भावंडं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मग काही जण जुगाड करतात. पट्टीतही एक आकडा ठेवतात आणि प्रत्येक वेळी अधिक दाबलं की तोही वाढवतात. समजा डाळीचं पाकीट १६० रुपयांचं आहे. तीन पाकिटं, पट्टीवर ४८०. आता कुणी वेगळ्याच पानावर जाऊन पिशवीतून एक पाकीट काढलं. कार्ड म्हणतं २, पट्टी म्हणते ४८०. इथे प्रश्न नुसत्या ठिपक्याचा राहत नाही. पैसे कुठल्या आकड्याप्रमाणे कापले जाणार, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न आहे, आणि ‘ॲप फसवतंय’ असं त्याला वाटलं तर त्यात त्याचं काही चुकत नाही.

उपाय असा, की संख्या कार्डाकडे ठेवायचीच नाही, ती पानाकडे ठेवायची, म्हणजे दोघांच्या पालकाकडे. पान डाळीच्या कार्डाला सांगतं, ‘तू २ दाखव’. पट्टीला त्याच संख्येवरून काढलेली रक्कम देतं. कार्डावर कुणी अधिक दाबलं तर कार्ड स्वतः काही बदलत नाही. वरती निरोप पाठवतं, ‘अधिक दाबलंय’. पान ठरवतं, संख्या ३ करतं, आणि नवी संख्या पुन्हा खाली वाहत येते. माहिती वरून खाली, निरोप खालून वर. या वर नेण्याला रिॲक्टवाले ‘लिफ्टिंग स्टेट अप’ म्हणतात, कंपोझवाले ‘स्टेट होइस्टिंग’. होइस्टिंग म्हणजे झेंडा दोरीने वर चढवतात ना, तेच.

आणि एकूण रक्कम? ती कुठेच साठवायची नाही. संख्या आणि भाव ठाऊक असले की ती दर वेळी काढता येते. जे काढता येतं ते साठवलं, की त्याची दुसरी प्रत तयार झालीच. माझ्या मते सगळ्या विषयातली सर्वात कमी सांगितली जाणारी आणि सर्वात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे.

रिॲक्टच्या जुन्या अधिकृत धड्यांमध्ये याचं एक सुरेख उदाहरण होतं. दोन चौकोन, एक सेल्सिअसचा, एक फॅरनहाइटचा. कुठल्याही एकात आकडा लिहा, दुसरा आपोआप बदलतो. ३७ लिहिलं की शेजारी ९८.६. ताप मोजताना घरोघरी लागणाराच हिशोब. तिथे दोन्ही तापमानं साठवलेली नव्हती. शेवटचा लिहिलेला आकडा आणि तो कुठल्या मापातला, एवढंच पालक लक्षात ठेवायचा. दुसरा आकडा दर वेळी काढायचा.

शिकणाऱ्यांना आणखी एक धक्का बसतो, तो आधीच सांगून ठेवतो. कंपोझमध्ये नाव लिहिण्यासाठी एक साधा चौकोन टाकला, ‘यात सध्या काही नाही’ असं सांगितलं आणि ॲप चालू केलं. कीबोर्ड वर आला. ‘स’ दाबलं. काही उमटलं नाही. पुन्हा दाबलं. नाहीच. फोन बिघडला की काय, इथपर्यंत शंका जाते. पण चौकोन अगदी आज्ञाधारकपणे वागतोय. त्याला सांगितलंय, रिकामं दाखव. ‘स’ दाबल्यावर त्याने वरती निरोप पाठवला, ‘इथे स लिहितायत’. पालकाने त्या निरोपाचं काहीच केलं नाही, स्वतःजवळची माहिती बदलली नाही. म्हणून खाली परत रिकामंच आलं. पालकाने निरोप ऐकून ‘बरं, आता स’ असं नोंदवलं, की अक्षर दिसतं. रिॲक्टमध्येही किंमत देऊन निरोपाची सोय केली नाही, तर चौकोन असाच मुका राहतो. तिथे निदान प्रोग्रॅमरला एक इशारा तरी छापून मिळतो.

हे विचित्र वाटतं खरं. एका अक्षरासाठी वरपर्यंत जाऊन यायचं? पण याच फेरीत पालकाला मध्ये बोलायची संधी मिळते. मोबाइल नंबरच्या चौकोनात कुणी अक्षर दाबलं तर पालक म्हणू शकतो, ‘हे नाही घेणार’. दुकानात डाळीची पाचच पाकिटं उरली असतील तर सहाव्यांदा अधिक दाबल्यावर पान संख्या ५ वरच ठेवतं. कार्डाला साठ्याची माहिती असायची गरजच नाही.

आता झेरॉक्सची गोष्ट. घरात बाळ आलं, रेशनकार्डावर त्याचं नाव चढलं. पण कपाटातल्या फाइलमध्ये जी जुनी झेरॉक्स आहे तिच्यावर ते नाव आपोआप उमटत नाही. कुणी तीच झेरॉक्स घेऊन ऑफिसात गेलं तर बाळ कागदोपत्री नाहीच. रिॲक्टमध्ये नवशिके नेमकं हेच करतात. पालकाने दिलेली माहिती मूल स्वतःच्या खिशात उतरवून घेतं आणि पुढे त्या खिशातूनच दाखवत राहतं. उतरवून घेणं फक्त एकदाच होतं, मूल पहिल्यांदा पडद्यावर येतं तेव्हा. पुढे पालकाने कितीही बदल केले तरी मूल जुनंच दाखवणार. प्रोग्रॅम चुकल्याचा काही इशारा येत नाही. सगळं हिरवंगार, आणि स्क्रीनवर कालचा पत्ता.

झेरॉक्स कधीच काढू नये असं मात्र नाही. पत्ता बदलायचा फॉर्म उघडला, त्यात आपण अर्धवट काही लिहिलं आणि ‘रद्द करा’ दाबलं, तर मूळ पत्ता जसाच्या तसा राहायला हवा. तिथे फॉर्मने स्वतःची कच्ची प्रत ठेवावी हेच बरोबर. ‘जतन करा’ दाबल्यावरच ती वर पाठवायची.

ॲपलच्या स्विफ्टयूआयने जरा वेगळी तऱ्हा काढली आहे. २०१९ च्या त्यांच्या परिषदेत पॉडकास्ट ऐकायच्या स्क्रीनचं उदाहरण देऊन ती समजावली होती. मोठ्या स्क्रीनकडे एक माहिती असते, ‘आत्ता चालू आहे की थांबलंय’. तिच्यावर ‘स्टेट’ अशी खूण करतात. खेळवा-थांबवा बटण हे तिचं मूल. बटणाला पालक माहितीची प्रत देत नाही आणि निरोप पाठवायलाही सांगत नाही; तो मूळ माहितीची किल्ली देतो. तिला ‘बाइंडिंग’ म्हणतात, आणि पालकाकडून देताना नावापुढे डॉलरचं चिन्ह लावतात. बटण दाबलं की किल्लीने थेट पालकाचंच कपाट उघडतं आणि माहिती बदलते. कपाट एकच, त्यामुळे दोन प्रती नाहीत. लिहायलाही सुटसुटीत.

किल्ली बरी की निरोप बरा, यावर प्रोग्रॅमर तासन्‌तास वाद घालू शकतात. चालू-बंद, आवाज कमी-जास्त अशा साध्या गोष्टींना मला किल्लीच आवडते. जिथे पैसे, साठा, परवानगी असं काही आहे तिथे मी निरोपाच्या बाजूने आहे, कारण कपाट कुणी, कधी, का उघडलं हे शोधायला एकच दार तपासावं लागतं. किल्ल्या दहा जणांकडे गेल्या की तीच जुनी फेसबुकी पळापळ. २०१० मध्ये आलेल्या अँग्युलरजेएसने दोन्ही बाजूंनी आपोआप जुळणारी माहिती ही मोठी जमेची बाजू म्हणून मिरवली होती. छोट्या पानांवर ती जादूसारखी वाटे. पानं मोठी झाली की कोणी काय बदललं हे शोधणं कठीण जाई. २०१६ मध्ये त्याची नव्याने लिहिलेली आवृत्ती आली, तेव्हा पालकाकडून मुलाकडे जाणारी वाट आणि मुलाकडून वर येणारी वाट अशा दोन वेगळ्या ठेवल्या गेल्या.

फेसबुकने त्या परिषदेत सांगितलेला उपायही याच दिशेचा होता. माहिती ठेवणारी ठरावीक भांडारं केली, त्यांच्यात बदल करायचा मार्ग एकच ठेवला, आणि माहितीची वाहतूक एका दिशेने. त्या मांडणीला त्यांनी फ्लक्स नाव दिलं. पुढे २०१५ मध्ये आलेलं रेडक्स हे तिचंच सुटसुटीत भावंड. नोकरीच्या जाहिरातींत आजही ते नाव दिसतं.

वर नेणं, वर नेणं असं म्हणताना एक प्रश्न पडतो की किती वर? ज्यांना ज्यांना ती माहिती हवी आहे त्या सर्वांचा सगळ्यात जवळचा पालक, तिथेच थांबायचं. सगळं उचलून पणजोबांकडे नेऊन ठेवलं तर लहानशा बदलालाही मोठा भाग नव्याने तपासावा लागतो, आणि स्वस्तातल्या फोनवर सरकवताना पान अडखळतं. शिवाय मधल्या पिढ्यांची हमाली होते. पणजोबांनी पणतूला दिलेली पुडी आजोबांच्या हातून, बाबांच्या हातून जाते. त्यांचं त्या पुडीशी काही देणंघेणं नसतं, तरी प्रत्येकाला ती घ्यावी आणि पुढे द्यावी लागते. प्रोग्रॅमर याला ‘प्रॉप ड्रिलिंग’ म्हणून नाकं मुरडतात. दोन-तीन पायऱ्यांची हमाली मला तरी फारशी खटकत नाही, वाट डोळ्यांना दिसते तरी.

पण काही गोष्टी खरोखर घरभर लागतात. ॲपची भाषा घ्या. सेटिंगमध्ये मराठी निवडली की प्रत्येक पानावरचं प्रत्येक बटण मराठीत दिसायला हवं. अक्षरांचा आकार, रात्रीची काळी पार्श्वभूमी, कुणाच्या नावाने ॲप उघडलंय, हेही तसंच. यासाठी प्रत्येक यंत्रणेत वेगळी सोय आहे. रिॲक्टमध्ये तिला कॉन्टेक्स्ट म्हणतात, स्विफ्टयूआयमध्ये एन्व्हायर्नमेंट, फ्लटरमध्ये इनहेरिटेड विजेट. वरच्याने एकदा जाहीर केलं की खालचं कुणीही थेट ऐकू शकतं, मधल्यांना त्रास नाही. सोय इतकी गोड आहे की डाळीची संख्याही तिच्यात टाकायचा मोह होतो. मग कार्ड कुठून काय वाचतंय हे त्याच्याकडे बघून कळत नाही, आणि तेच कार्ड दुसऱ्या पानावर वापरायला घेतलं तर तिथे ती जाहिरात नसल्यामुळे अडून बसतं.

शेवटी एक प्रयोग. एखाद्या लहान-सहान ॲपमध्ये फॉर्म अर्धा भरा आणि फोन आडवा करा (त्याआधी फोनची स्क्रीन फिरायची सोय चालू आहे ना, ते बघा). लिहिलेलं टिकलं तर बनवणाऱ्याने विचार केलाय. पुसलं गेलं तर कारण असं, की अँड्रॉइडवर फोन फिरवला की बहुतेकदा ते पान मोडून नव्याने उभं केलं जातं, आणि पालकासकट सगळं घर जातं. कंपोझमध्ये नुसतं ‘रिमेंबर’ लिहिलेली माहिती तेव्हा टिकत नाही, ‘रिमेंबर सेव्हेबल’ लिहिलेली टिकते. एका शब्दाचा फरक, पण सरकारी अर्जाची तीन पानं भरून झाल्यावर फोन चुकून आडवा झालेल्या माणसाला तो चांगलाच जाणवतो.

पुढच्या वेळी नेटवर्क नसताना ॲप काय करतं ते पाहू. लॅपटॉपवर वाचलेला मेसेज फोनला उशिरा का कळतो, तेही त्यातच येईल.